गॅस हलका, टाकी जड: सीएनजी जहाजानं का येत नाही?

"साहेब, दोन मिनिटं गॅस टाकून घेऊ का?" असं रिक्षावाल्यानं विचारलं, की अनुभवी पुणेकर घरी फोन करून सांगतो, तुम्ही जेवून घ्या. परवा रात्री सिंहगड रोडवर मीही तेच केलं. पंपावर आमच्या पुढे चौदा रिक्षा, तीन टुरिस्ट गाड्या आणि मशीनजवळचा पोरगा ओरडून सांगतोय, "प्रेशर नाही, दीडशेच बसतोय! घ्यायचा तर घ्या!" दीडशे म्हणजे दीडशे बार. बार हे दाबाचं माप, एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब. त्या पंपाला जमिनीखालून पाइपलाइन नाही. गॅस ट्रकनं येतो, आणि ट्रक नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये उभा होता.

थांबणं आलंच होतं, म्हणून गप्पा निघाल्या. मी भोसरीत प्रेशर व्हेसल, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्या, बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं क्वालिटीचं काम करतोय हे कळल्यावर रिक्षावाल्या काकांनी नेमका प्रश्न टाकला. "हा गॅस अरबांकडून जहाजानं येतो म्हणतात. मग जहाजातपण असाच टाक्यांत भरून आणतात का?"

नाही, असं मी तिथे सांगितलं. पण 'का नाही' हे सांगायला पंपावरची रांग पुरली नाही, म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे गॅस दोन वाटांनी येतो. एक, आपलाच. बॉम्बे हायसारख्या समुद्रातल्या क्षेत्रांतून तळाशी टाकलेल्या पाइपांमधून तो उरणला आणि हजिऱ्याला येतो. दुसरा परदेशी. तो येतो जहाजानं, पण वायू म्हणून नाही, द्रव म्हणून. त्याला एलएनजी म्हणतात. २००४ मध्ये गुजरातेत दहेजला देशातलं पहिलं एलएनजी टर्मिनल सुरू झालं आणि कतारहून जहाजं यायला लागली. पुढे आपल्या दाभोळलाही टर्मिनल झालं. तिथे द्रवाचा पुन्हा वायू करतात, पाइपलाइनमध्ये सोडतात, आणि तो शहरातल्या पंपावर दाबून गाडीत भरला की त्याला सीएनजी म्हणायचं. म्हणजे एलएनजी आणि सीएनजी हे दोन वेगळे गॅस नाहीत. दोन्ही मिथेनच, फक्त बांधाबांध वेगळी.

स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर मात्र खरोखर वेगळा. तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. हा स्वभावानं गरीब गॅस. थोडा दाबला की आपल्या पुण्याच्या हवेतच त्याचं पाणी होतं, सिलिंडर हलवला तर आत डुचमळतं ते ऐकू येतं. म्हणून १४.२ किलो गॅसला साधारण पंधरा-सोळा किलोचा सिलिंडर पुरतो. मालाइतकंच भांड्याचं वजन.

मिथेन असा ऐकणारा नाही. उणे ८२ अंशांच्या वर तो कितीही दाबा, दोनशे बार, पाचशे बार, हजार बार, त्याचा द्रव होतच नाही. त्यामुळे दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे साध्या दाबाला उणे १६२ अंशांपर्यंत गारठवून द्रव करायचा, हा एलएनजी. किंवा वायूच ठेवायचा आणि दोनशे-अडीचशे बारला ठासून भरायचा, हा सीएनजी.

गच्चीवरची हजार लिटरची काळी पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. ती साध्या हवेच्या दाबाला मिथेननं भरली, तर आत पाऊण किलोसुद्धा गॅस नसेल. तेवढ्याच जागेत दोनशे बारला दाबला तर दीडशे-पावणेदोनशे किलो, अडीचशे बारला दोनशेच्या आसपास. आणि द्रव करून ओतला तर साडेचारशे किलोच्या घरात. द्रव निम्म्याहून कमी जागेत मावतो हे खरं, पण नुसत्या जागेचाच हिशोब असता तर सीएनजी इतका वाईट नाही. एलएनजीचा कारखाना अवाढव्य, खर्च अब्जावधी डॉलरचा, आणि गॅस गारठवण्यातच त्यातला आठ-दहा टक्के जळून जातो. दाबायला त्या मानानं कमी ऊर्जा लागते. मग भरा की टाक्या आणि निघा?

इथे माझ्या धंद्याचा विषय सुरू होतो.

दोनशे बार म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर दोनशे किलो. तीन धडधाकट माणसं त्या नखावर उभी आहेत असं समजा, आणि टाकीच्या आतल्या प्रत्येक नखाएवढ्या जागेवर तशीच तीन-तीन. ते पेलायला जाड पोलाद लागतं. गाडीच्या डिकीत असते ती ६० लिटरची पोलादी टाकी घ्या. तिच्यात गॅस बसतो नऊ-दहा किलो, आणि टाकीचं स्वतःचं वजन साठ किलोच्या आसपास. दहा किलो मालाला साठ किलो भांडं!

हे ऐकून काका हसले. "म्हणजे मी दिवसभर लोखंडच फिरवतोय की."

बरोबर. आणि जहाजाची अडचण नेमकी हीच आहे.

आता कुणीही म्हणेल, टाकी मोठी करा. घरात हाच नियम चालतो. दहा तांब्यांना जेवढं पितळ लागतं त्यापेक्षा कमी पितळात तेवढंच पाणी मावणारी एक घागर होते. भांडं मोठं झालं की लिटरमागे धातू कमी. मग दाबाच्या टाकीला हे का लागू नाही? कारण घागरीचा पत्रा फक्त पाणी सांडू नये म्हणून असतो, टाकीचा पत्रा फाटू नये म्हणून. टाकीचा व्यास दुप्पट केला तर आतला वायू तिला उभी चिरायला दुप्पट जोर लावतो, म्हणून पत्राही दुप्पट जाड घ्यावा लागतो. घेर दुप्पट, जाडी दुप्पट, म्हणजे लोखंड चौपट. आणि टाकीत मावणारा गॅस? तोही चौपट. गाडं तिथेच. आमच्याकडे नवीन आलेल्या डिप्लोमाच्या पोरांना मी हे कागदावर करायला लावतो. निम्म्यांना उत्तर बघून आपलंच काही चुकलंय असं वाटतं.

बरं, टाकी तेवढीच ठेवून दाब वाढवला तर? गॅस वाढतो, पण त्याच प्रमाणात पत्राही जाड होतो. म्हणजे टाकी लहान असो की मोठी, दाब दोनशे असो की अडीचशे, किलोमागे लागणारं पोलाद जवळपास तेवढंच. किंमत खाली खेचायला व्यापारी नेहमी 'मोठं करा' हे शस्त्र वापरतो. इथे ते बोथट आहे.

एलएनजीच्या टाकीला ही कटकट नाही. तिच्या आत दाब जवळपास बाहेरच्या हवेइतकाच. ती एक मोठा थर्मास आहे, गारवा आत ठेवायचा एवढंच काम. तिथे घागरीचा नियम चालतो, टाकी जितकी मोठी तितकं परवडतं. म्हणून आज एलएनजीची नेहमीची जहाजं १,७४,००० घनमीटरची असतात आणि एका फेरीत पाऊण लाख टनांच्या वर गॅस नेतात.

सीएनजीचं जहाज मात्र जगात नाहीच असं नाही. इंडोनेशियात 'जयंती बरुना' नावाचं एक आहे, चीनमध्ये बांधलेलं, २०१६ चं. पूर्व जावातल्या ग्रेसिकहून लोंबोक बेटावरच्या वीज केंद्राला गॅस पोचवण्यासाठी ते बांधलं, अंतर सुमारे चारशे किलोमीटर. त्याच्या सिलिंडरांची एकूण क्षमता २,२०० घनमीटर. अडीचशे बारला धरलं तर हिशोबानं साडेचारशे टनांच्या आत-बाहेर गॅस. वरचा पाऊण लाख टनांचा आकडा आणि हा शेजारी ठेवा. एलएनजीच्या एका फेरीला याच्या दीडशेहून जास्त फेऱ्या. आणि हे व्यापारी कामासाठी बांधलेलं जगातलं पहिलं सीएनजी जहाज म्हणून ओळखलं जातं. अमेरिकेत यावर १९६० च्या दशकातच प्रयोग झाले होते. म्हणजे कल्पना सुचल्यापासून जहाज पाण्यात उतरेपर्यंत पन्नासेक वर्षं गेली.

या पन्नास वर्षांत लोकांनी डोकी कमी चालवलेली नाहीत. सगळी झटापट त्या पोलादाशीच.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती कॅनडाची, 'कोसेल' नावाची. मोठ्या टाकीनं पोलाद वाचत नसेल, तर लहान टाकीनं वाढतही नाही. मग जाड पत्रा वाकवून, वेल्ड करून महागड्या टाक्या बनवायच्याच कशाला? बाजारात मिळणारा साधा सहा इंची पाइप घ्या आणि गुंडाळा. सोळा किलोमीटरच्या आसपास लांबीचा पाइप चकलीसारखा वेटोळं करत, थरावर थर रचत एका मोठ्या चाकात बसवायचा. अशी चाकं एकावर एक रचून जहाजाचं पोट भरायचं. पाइप कारखान्यात मैलोगणती बनतोच, त्यामुळे स्वस्त, आणि सिलिंडरागणिक व्हॉल्व्ह लावायची भानगड नाही. कागदावर फारच देखणं. पण माझ्यातला क्वालिटीवाला लगेच विचारतो, सोळा किलोमीटरच्या चकलीत आतून गंज कुठे धरलाय ते वीस वर्षांनी बघायचं कसं? सुटा सिलिंडर काढून पाण्यानं हायड्रो टेस्ट करता येतो. आपल्या गाडीच्या टाकीची दर तीन वर्षांनी करतात ती हीच. (पाण्यानं का? पाणी दबत नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी नुसती चिरकते. हवा भरून फाटली तर शेडचे पत्रे जातील.) वेटोळ्याचं तसं नाही.

दुसरी युक्ती गारव्याची. साध्या हवेत अडीचशे बार लागतात, तर उणे तीसच्या आसपास थंड ठेवून त्याच्या निम्म्या दाबातही बराच गॅस मावतो, कारण थंड वायू आपणहून आक्रसतो. दाब कमी, म्हणजे पत्रा पातळ. एलएनजीइतकी थंडी नाही, सीएनजीइतका दाब नाही, असा मधला रस्ता. मात्र त्या थंडीत ठिसूळ न होणारं पोलाद आणि जहाजभर इन्शुलेशन लागतं. तिसरी युक्ती कार्बन किंवा काचेच्या धाग्यांनी गुंडाळलेल्या टाक्यांची. वजन एकदम खाली, किंमत एकदम वर.

हे झालं भांड्याचं. भांड्यात भरायच्या मालाचीही एक गोष्ट आहे, आणि तिथे सीएनजीची बाजू वरचढ ठरते.

विहिरीतून येणारा गॅस म्हणजे आपल्या शेगडीतली निळी ज्योत नव्हे. त्याच्याबरोबर पाणी येतं, वाळू येते, पेट्रोलसारखं हलकं तेल येतं, कार्बन डायऑक्साइड असतो, आणि कधीकधी सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड. आधी एका मोठ्या उभ्या-आडव्या भांड्यात, सेपरेटरमध्ये, वायू वर आणि पाणी-तेल खाली असं वेगळं करतात. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे आंबट वायू अमाइन नावाच्या द्रावणानं धुऊन काढतात. मग उरलेली ओल. ती सगळ्यात लबाड. दाबाखाली मिथेन आणि पाणी भेटले की थंडीत त्यांचा बर्फासारखा पांढरा खडा जमतो, हायड्रेट म्हणतात त्याला. तो पाइपात अडकला की बूच बसतं. आणि गंमत म्हणजे त्या 'बर्फाला' काडी लावली तर तो पेटतो. म्हणून गॅसला ग्लायकॉल या ओल शोषणाऱ्या द्रवाची अंघोळ घालून कोरडा करावा लागतो.

सीएनजीला एवढं पुरतं. पाइपलाइनला चालेल इतका स्वच्छ केला की झालं, कार्बन डायऑक्साइड टक्का-दोन टक्के राहिला तरी बिघडत नाही. एलएनजीला मात्र तो दहा लाखांत पन्नास भागांच्याही खाली आणावा लागतो, नाहीतर उणे १६२ अंशांना त्याचा खडा होऊन यंत्रातल्या बारीक नळ्या बंद होतात. पाऱ्याचा अंशसुद्धा काढावा लागतो, कारण तो तिथलं ॲल्युमिनियम खातो. हे सगळं करायला समुद्रकिनाऱ्यावर एक छोटं शहरच वसवावं लागतं. म्हणून एलएनजीत पैसा मुख्यतः किनाऱ्यावर गाडला जातो, सीएनजीत जहाजांत. माझ्या मते हा फरक लोक पुरेसा लक्षात घेत नाहीत. विहीर आटली तर कारखाना उचलून नेता येत नाही, जहाज दुसरीकडे जाऊ शकतं.

दाबण्याचं काम कॉम्प्रेसर करतो, टप्प्याटप्प्यानं आणि प्रत्येक टप्प्यानंतर थंड करत. सायकलला हवा भरताना पंपाची नळी बोटाला चटका देते, तेच मोठ्या प्रमाणावर. टाकीत शिरणारा गॅसही तापतो, आणि तापलेला गॅस काट्यावर फुगून दिसतो. "एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनशे भरला तरी घरी जाईपर्यंत काटा खाली," असं काका म्हणाले, आणि त्यांना वाटत होतं की मशीनमध्ये काहीतरी गोलमाल आहे. गोलमाल नाही, टाकी निवली. जहाज भरतानाही हीच चिंता. घाईनं भरलं तर टाक्या तापतात आणि माल कमी बसतो, सावकाश भरलं तर जहाज धक्क्याला अडकून पडतं.

तेवढ्यात आमचा ट्रक आला. उघड्या पिंजऱ्यात आडव्या रचलेल्या सिलिंडरांची रास, त्याला कॅस्केड म्हणतात. ड्रायव्हरनं होज लावला, व्हॉल्व्ह उघडला, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला आणि पाच मिनिटांत होजच्या जोडावर पांढरं दव धरलं. काकांनी त्यावर बोट लावून बघितलं आणि पटकन मागे घेतलं.

जहाज रिकामं करणं म्हणजे हेच दृश्य, हजारपट मोठं. भरलेल्या टाकीतून रिकाम्या टाकीत गॅस आपणहून धावतो, पण दोन्हींचा दाब सारखा झाला की थांबतो. 'दीडशेच बसतोय'चं कारण हेच. ट्रकमध्ये गॅस असतो, पण ढकलायला जोर उरलेला नसतो. उरलेला काढायचा तर कॉम्प्रेसर लावा. शेवटचा थोडा माल तर परतच न्यावा लागतो. जहाजाचंही तसंच, पूर्ण रिकामं ते कधीच होत नाही. काही आराखड्यांत यावर उपाय म्हणून टाकीत एका बाजूनं ग्लायकॉल मिसळलेलं पाणी भरून दुसऱ्या बाजूनं गॅस हुसकायचा, असं सुचवलंय. आणि ते दव? दाब उतरताना मिथेन बारमागे साधारण अर्धा अंश गार होतो. अडीचशे बारवरून पन्नासवर आणलात तर शंभरेक अंशांपर्यंत घसरण व्हायची भीती, म्हणून वाटेत हीटर बसवावे लागतात.

आता अंतराचं गणित. समजा गॅस हजार किलोमीटरवर न्यायचाय. ताशी पंचवीस किलोमीटरनं जायला चाळीस तास, यायला चाळीस, भरायला एक दिवस, उतरवायला एक दिवस. एक फेरी सव्वापाच दिवसांची. पलीकडे वीज केंद्र अखंड चालायचं तर कायम एक जहाज उतरवत असलं पाहिजे, कारण किनाऱ्यावर साठवायला टाक्या बांधल्या की पुन्हा तेच पोलाद. म्हणजे पाच-सहा जहाजं. अंतर अडीच हजार केलं, साधारण कतार ते गुजरात, की फेरी दहा दिवसांची आणि जहाजं दहा. विकला जाणारा गॅस तेवढाच, लोखंड दुप्पट. म्हणून जाणकार सीएनजीची जागा काहीशे ते दोनेक हजार किलोमीटर, आणि तीही मध्यम गिऱ्हाइकासाठी, अशी सांगतात. जवळ असेल तर समुद्रतळाचा पाइप स्वस्त, लांब आणि भरपूर असेल तर एलएनजी.

भीती वाटते का? पंपावर सगळ्यांना गाडीतून खाली उतरवतात, ते बघून वाटणारच. मिथेन हवेपेक्षा हलका, उघड्यावर गळला तर वर उडून जातो, आणि हवेत पाच ते पंधरा टक्के मिसळला तरच पेटतो. धोका बंदिस्त जागेचा. म्हणून जहाजाच्या पोटात टाक्यांच्या भोवती हवाच ठेवत नाहीत, नायट्रोजन भरतात.

मग ही जहाजं हवीत कुणाला? तेलाच्या विहिरींतून तेलाबरोबर थोडा गॅस येतो. पाइप टाकण्याइतका तो नसतो, म्हणून तिथेच चिमणीवर जाळून टाकतात. जगभरात दरवर्षी असा १४० अब्ज घनमीटरहून जास्त गॅस जातो. या विखुरलेल्या गॅससाठी सीएनजी जहाज चपखल आहे, कारण ते विहिरीपाशी जाऊन भरून घेऊ शकतं. घोडं अडतं ते पैशापाशी. बँक म्हणते, आधी असं चाललेलं जहाज दाखवा. जहाज बांधायचं तर आधी बँक लागते. आणि दरम्यान लहान एलएनजी जहाजं, तरंगती टर्मिनलं आली. ज्या गिऱ्हाइकावर सीएनजीची मदार होती ते त्यांनी बरंचसं पळवलं.

आपल्याकडे मला एकच जागा दिसते. अंदमान. वीज बहुतांश डिझेलवर, चेन्नईहून अंतर साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास, अगदी सीएनजीच्या पट्ट्यात. पण मागणी इतकी थोडी, की पाच-सहा जहाजं तिथे नुसती नांगर टाकून बसतील. एखाद-दुसऱ्या छोट्या जहाजावर भागवलं, तर पावसाळ्यात समुद्र खवळल्यावर दिवे लावायला डिझेल जनरेटर ठेवावे लागतीलच. मी गणित दोनदा मांडून बघितलं, दोन्ही वेळा छोटं एलएनजी जिंकलं.

काकांच्या टाकीत शेवटी एकशे नव्वद बसला. सव्वाअकरा वाजले होते.